ओळख पटली का?

ऑफिसात त्याला सगळे खोडरबर म्हणत, आणि त्याला त्याचा राग येत नसे. कामच तसं होतं. लोक कंपन्यांना कळवत की आमचं जे काही तुमच्याकडे साठलंय ते पुसून टाका, आणि ते खरोखर पुसायचं काम फिरत फिरत या माणसाच्या टेबलावर येई. पत्ते, फोटो, आजारांचे कागद, फोनवरची बोलणी, काय वाट्टेल ते. नऊ वर्षं तो हेच करत होता. वय त्रेपन्न, लग्न केलेलं नाही, केस बेताचे, चेहरा असा की शेजारून गेला तरी कुणाच्या लक्षात राहू नये. अशा कामाला असाच माणूस लागतो म्हणा.

खोली तिसऱ्या मजल्यावर होती. आत जाताना फोन, पिशवी, पेन, कागदाचा कपटासुद्धा बाहेरच्या लोखंडी कपाटात ठेवायचा. कपाटाला खण, खणांना नंबर, याचा नऊ. खोलीत दोनच टेबलं. एक याचं, दुसरं चिमणीचं. चिमणी म्हणजे पस्तिशीची, सहा वर्षांपूर्वी याच्याच हाताखाली शिकलेली, सकाळी आत आली की जी सुरू व्हायची ती संध्याकाळी लिफ्टचं दार मिटेपर्यंत थांबायची नाही. तिचा नवरा, तिच्या नवऱ्याची गाडी, गाडीचं टायर. हा हूं हूं करायचा. खोलीची एक भिंत काचेची, बाहेर बोळासारखा कॉरिडॉर, तिथे पाण्याचं मशीन आणि एक बाक.

आता कामाची रीत सांगतो, कारण पुढचं सगळं त्या रीतीनंच घडवलं. रेकॉर्डिंग कुणाचं आहे ते पडद्यावर दिसत नसे. नाव नाही, गाव नाही, तारीख नाही. नुसता एक लांबलचक आकडा. पुसणाऱ्यालासुद्धा कुणाचं पुसतोय ते कळू नये, हा नियम. पण भलत्याचं पुसलं जाऊ नये म्हणून आधी कान लावून खात्री करायची. समोर फॉर्ममधलं थोडं लिहिलेलं असे: बाई, वय अमुक, आवाज असा, बोलणं औषधांबद्दल. मग रेकॉर्डिंग सुरू व्हायचं, बरोबर पंधरा सेकंदांनी टूं करून थांबायचं, आणि पडद्यावर प्रश्न यायचा: ओळख पटली का? ‘होय’ दाबलं की कायमचं गेलं. ‘नाही’ दाबलं की पुढची पंधरा सेकंदं.

नऊ वर्षांत खोडरबरनं गरजेशिवाय ‘नाही’ दाबलं नव्हतं. सुतासारखा सरळ माणूस. चिमणीला पहिल्याच दिवशी त्यानं बजावलं होतं, “हे बघ, तिकडे कुणी रडू दे, भांडू दे, खून केल्याचं सांगू दे. पंधरा सेकंद झाले की आपण बहिरे.”

आणि एक शेवटचा नियम होता, घरचा. आपल्या ओळखीच्या माणसाचं काही निघालं तर हात लावायचा नाही. हेडफोन काढून कीबोर्डवर पालथे ठेवायचे, उठून बाहेर बाकावर जाऊन बसायचं, आणि शेजारच्यानं ते काम संपवायचं. संपल्यावर त्यानं एकच शब्द बोलायचा, ‘पुसलं’. एकदा चिमणीच्या सासऱ्यांचा फोटो निघाला होता तेव्हा ती अशीच बाकावर जाऊन बसली होती. यातली गोम तुमच्या लक्षात आली का? नावं झाकलेली असल्यामुळे आवाज कानात शिरल्याशिवाय घरचं की परकं ते कळायचंच नाही. जपायला केलेला नियम, आणि घात त्यानंच केला.

त्या दिवसांत अडकलेल्या अर्जांचा मोठा ढीग मोकळा झाला होता. औषधांची चौकशी करायची एक फोनलाइन होती. कुठली गोळी जेवणाआधी, कुठली नंतर, चुकली तर काय, असलं विचारायला म्हातारी माणसं फोन करत. कंपनी एका देशातली, रेकॉर्डिंगं ठेवलेली दुसऱ्या देशात, आणि फोन करणारी माणसं तिसऱ्याच देशातली. ‘आमचं बोलणं पुसा’ असा अर्ज आला की पहिला देश म्हणे, तीस दिवसांत पुसा. दुसरा म्हणे, आमच्याकडे दहा वर्षं ठेवायचा कायदा आहे. तिसऱ्याचा कायदा अजून लिहूनच व्हायचा होता. मग सगळ्या देशांची माणसं एका मोठ्या हॉटेलात बसली, की एकच काय तो नियम करू. दोन वर्षं बसली! आणि घोडं अडलं कुठे, तर मेलेल्या माणसाला खासगी असं काही असतं का, या प्रश्नावर. एकजण म्हणे, माणूस गेलं की हक्क गेला. दुसरा म्हणे, हक्क वारसांचा. तोपर्यंत इकडे अर्ज करणारी म्हातारी माणसं एकेक करून जात होती.

शेवटी ठरलं. साहेबांनी सोमवारी सकाळी दोघांना उभं करून सांगितलं, “पुढच्या सोमवारपासून नवा नियम. अर्ज करणारा वारला असेल तर वारसांना विचारायचं, आणि कुणाही एका वारसानं मागितलं तर रेकॉर्डिंगची प्रत द्यायची. या शुक्रवारी पाचपर्यंत मात्र जुनाच नियम. अर्ज असेल तसा निकाली काढा.” मग खोडरबरकडे वळून म्हणाले, “आणि तुम्ही जुने आहात, तर हा अभिप्रायाचा फॉर्म भरा. मृतांची गोपनीयता, आपला अनुभव, दोनशे शब्दांत. वर पाठवायचाय.”

“दोनशे शब्द?” चिमणी साहेब गेल्यावर म्हणाली. “दादा वर्षाला दोनशे शब्द बोलतात का बघा आधी.”

बुधवारी सकाळी, साडेअकराच्या सुमाराला, त्यानं ढिगातला पुढचा आकडा उघडला. एक्केचाळीस रेकॉर्डिंगं. बाई, वय शहात्तर, औषधांबद्दल. अर्ज स्वतः फोन करणारीचा. त्यानं सवयीनं बटण दाबलं.

“औषध मदत केंद्र, बोला,” एक तरुण मुलगी म्हणाली.

मग जीभ टाळ्याला लावून काढलेला च्यक असा आवाज आला, आणि पाठोपाठ, “अगं, आज पण तूच का? बरं झालं बाई. मी काय म्हणते, मी सांगेन ते कुणाला कळणार नाही ना? माझ्या पोराला तर मुळीच—”

टूं.

ओळख पटली का?

आई जाऊन चौदा महिने झाले होते. त्यानं दोन्ही हातांनी टेबल धरलं. शेजारी चिमणी टायरचं काहीतरी सांगत होती. त्यानं उठायला हवं होतं, हेडफोन पालथे ठेवायला हवे होते. तो उठला नाही. त्यानं ‘होय’ही दाबलं नाही आणि ‘नाही’ही दाबलं नाही. तो आकडा त्यानं ‘नंतर’च्या कप्प्यात सरकवला आणि पुढचा उघडला. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यानं नियम मोडला होता, आणि जगात कुणालाही त्याचा पत्ता नव्हता.

त्याला जे खात होतं ते आता सांगतो. आईला दिवसाला तीन गोळ्या होत्या. सकाळची आणि संध्याकाळची तो स्वतःच्या हातानं द्यायचा. दुपारची एक बारीक पिवळी गोळी असायची, ती बारा वाजता. आधी तो कॉरिडॉरमध्ये येऊन कपाट उघडून तिला फोन करायचा, घेतलीस का. मग एका रविवारी कुठे तरी जायचं होतं, तिच्यामुळे राहिलं, आणि तो ओरडला, “तुझ्या गोळ्यांपायी माझं आयुष्य घड्याळाला बांधलंय, कळतं का तुला?” ती काही रागावली नाही. म्हणाली, “बरं, दुपारची मी घेईन माझी माझी. तू नको फोन करू.” सात महिन्यांनी ती गेली. डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या वेळेवर चालू होत्या ना? हा म्हणाला, हो, अगदी वेळेवर. आणि पंधरा दिवसांनी तिचं कपाट आवरताना टॉवेलांच्या खाली त्याला पिवळ्या गोळ्यांच्या अकरा पट्ट्या सापडल्या. एकही गोळी फोडलेली नाही.

हे त्यानं कुणालाही सांगितलं नव्हतं, सख्ख्या बहिणीलासुद्धा नाही. पट्ट्या परत टॉवेलांखाली ठेवून त्यानं ते कपाट लावून टाकलं होतं. विसरली असेल, असं तो स्वतःला सांगायचा. पण विसरणारी बाई पट्ट्या लपवत नाही. आपल्या त्या एका वाक्यामुळे तिनं मुद्दाम सोडल्या का? आईनं आपल्या मुलाला मोकळं केलं का? चौदा महिने हा प्रश्न त्याच्या मानगुटीवर बसला होता, आणि आता त्याचं उत्तर एक्केचाळीस तुकड्यांत त्याच्या टेबलावर आलं होतं. बटणाच्या अंतरावर.

घरी गेला तर आवाज त्याच्याआधी जाऊन पोचला होता. किटलीत पाणी उकळायला लागलं की च्यक. जिन्यावर कुणी चप्पल काढली की च्यक. आईच्या खोलीत खिडकीच्या कट्ट्यावर तिचा फोन अजून तसाच होता. याच फोनवरून ती बोलायची, दुपारी, हा तिकडे आपला फोन कपाटात कोंडून लोकांची गुपितं पुसत असताना. त्यानं हात लावला तर फोन गार होता. हा वेडा, तो गरम असेल असं त्याला वाटलं होतं! भीतीनं म्हणा, आशेनं म्हणा, त्यानं घरातले सगळे दिवे लावून ठेवले.

पत्र दारातच पडलं होतं, कंपनीचं. आपल्या दिवंगत नातेवाइकाची एक्केचाळीस रेकॉर्डिंगं उपलब्ध असून सोमवारपासून वारस म्हणून प्रत मागता येईल. असंच पत्र ताईला गेलं असणार हे त्याच्या ध्यानात येतंय तोवर ताईचाच फोन आला. ती परदेशात राहते. आईच्या शेवटच्या वेळी तिला पोचता आलं नव्हतं.

“तुला पण आलं का रे पत्र?” ती रडतच होती. “एक्केचाळीस वेळा! आईचा आवाज! मी सोमवारी सकाळी पहिला अर्ज टाकणार.”

“ताई, तिनंच पुसायला सांगितलं होतं. तिचा अर्ज आहे.”

“तुला कसं माहीत?”

ताईला त्याचं काम माहीत होतं. तिला कळायला वेळ लागला नाही.

“तुझ्याकडे आलंय ते. हो ना? अरे, बोल ना. काय म्हणतेय ती?”

“मी नाही ऐकलं.”

“खोटं बोलू नकोस. हे बघ, मला नाही कुणाची गुपितं ऐकायची. ती हवापाण्याबद्दल बोललेली असली तरी चालेल. मला फक्त तिचा आवाज हवाय. हात लावू नकोस त्याला, सांगून ठेवते.”

गुरुवारी त्याला कामात लक्ष देता येईना. ताईचं तरी काय चुकत होतं? आणि देशोदेशीची शहाणी माणसं तिच्याच बाजूनं निकाल देऊन मोकळी झाली होती. सोमवारपासून ते दोघं कायद्यानं ऐकू शकत होते, अगदी मांडी घालून बसून, चहा पीत. पण ‘कुणाला कळणार नाही ना’ असं विचारणाऱ्या त्या बाईला कुणीतरी ‘नाही हो’ म्हणून सांगितलं असणारच, आणि त्या भरवशावर ती बोलली असणार. तो भरवसा मोडायचा, तो कुणी? तर ज्याच्यापासून लपवायचं होतं त्या पोरानं? दुपारी त्यानं अभिप्रायाचा फॉर्म घेतला आणि एक ओळ लिहिली: माणूस गेलं तरी त्यानं विश्वासानं सांगितलेलं त्याचंच राहतं. साहेबांनी वाचलं, नाक मुरडलं. “भावनिक झालं हे. कलमाचा नंबर टाका काहीतरी.”

शुक्रवार उजाडला. दुपारचे दोन वाजले, अडीच वाजले. पाचला जुन्या नियमाची मुदत संपणार. चिमणी हात धुवायला बाहेर गेली तेव्हा त्यानं ‘नंतर’चा कप्पा उघडला. तीच पंधरा सेकंदं पुन्हा ऐकली. बरं झालं बाई. माझ्या पोराला तर मुळीच— टूं. ओळख पटली का?

पुढचं ऐकायचं तर ‘नाही’ म्हणावं लागणार होतं. जिच्या पोटी जन्म घेतला तिला ओळखत नाही म्हणून सांगायचं. खोडरबरनं दाराकडे बघितलं, आणि दाबलं. नाही.

“—नाही कळवायचं हं,” आई म्हणाली. “थांब, आधी पाणी पिते, घसा सुकला बघ.” मग पेला उचलल्याचा आवाज. एक घोट. दोन घोट. सावकाश, तिच्या नेहमीच्या पद्धतीनं, मध्ये दम घेत. पेला खाली ठेवला. च्यक. टूं.

बस्स. एवढंच. आईला नाकारून त्याला काय मिळालं, तर तिचं पाणी पिणं. त्याला स्वतःची अशी लाज वाटली की कान तापले. आणि त्याहून वाईट म्हणजे बोट पुन्हा ‘नाही’वरच जाऊन बसलं होतं. आणखी एकदा दाबलं तर आपण आज थांबत नाही, एक्केचाळीसही ऐकू, हे त्याला स्वच्छ कळलं.

त्यानं हेडफोन काढले आणि कीबोर्डवर पालथे ठेवले.

चिमणी आत येत होती. तिनं हेडफोन बघितले आणि पहिल्यांदाच तिचं वाक्य अर्धं राहिलं.

“घरचं आहे,” तो म्हणाला. “आई. अर्ज तिचाच आहे, पुसायचंय.”

“बसा तुम्ही बाहेर,” ती म्हणाली.

बाकावर बसून त्यानं हिशेब केला. एक्केचाळीस गुणिले पंधरा सेकंद. दहा मिनिटं, फार तर पाव तास. काचेतून त्याला चिमणीची पाठ आणि अर्धा गाल दिसत होता. पाव तास झाला. अर्धा झाला. भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन वाजले तरी ती हलली नव्हती. तिचं बोट मात्र मधून मधून हलत होतं, आणि ते बोट ‘होय’च्या बाजूला जात नव्हतं. नऊ वर्षं त्या पडद्यापुढे बसलेल्या माणसाला पाठीमागूनही कळतं बोट कुठे पडतंय ते.

ती ऐकत होती. सगळं.

त्यानं काचेवर टकटक करायला हवी होती. नियमानं, मोठेपणानं, आईसाठी म्हणून तरी. तो उठलासुद्धा. काचेपाशी गेला. चिमणीनं एकदा चष्मा काढून डोळे पुसले आणि एकदा तर ती चक्क हसली. आई हिला हसवतेय! त्याचा हात वर गेला आणि तसाच खाली आला. कुणीतरी ऐकू दे, असं त्याच्या मनात आलं. एकदा तरी कुणीतरी तिचं शेवटपर्यंत ऐकू दे. तो परत बाकावर येऊन बसला.

पाचला तीन मिनिटं कमी असताना ती बाहेर आली. डोळे लाल.

“पुसलं,” ती म्हणाली.

“चिमणे…”

“दादा, तुम्हीच शिकवलंत मला,” ती म्हणाली आणि खणातून पिशवी काढून जिन्यानं निघून गेली. लिफ्टची वाट बघितली नाही.

ताईला त्यानं त्याच संध्याकाळी सांगितलं. “तिनंच सांगितलं होतं पुसायला,” तो म्हणाला.

“तिनं कंपनीला सांगितलं होतं,” ताई म्हणाली. “आपल्याला नाही.” आणि तिनं फोन ठेवला. पुढे कितीतरी दिवस तिनं तो उचलला नाही.

शनिवार-रविवार तो आईच्या कपाटासमोर बसून होता. आता ते कधीच कळणार नव्हतं. अकरा पट्ट्या तेवढ्या खऱ्या. त्याला वाटलं होतं पुसल्यावर आवाज जाईल. उलट आता पाणी पिण्याचाही आवाज घरात आला. एक घोट. दोन घोट.

सोमवारी चिमणी वेळेवर आली आणि जागेवर बसली. नवरा नाही, गाडी नाही, टायर नाही. सकाळभर खोलीत बटणांच्या टिकटिकीशिवाय काही नव्हतं. ही आता जाणते, आणि मी जाणत नाही, एवढाच विचार त्याच्या डोक्यात घुमत होता. पुसलं कुठे? ते सगळं चार फुटांवर, त्या अंबाड्याखाली, शाबूत आहे. निवृत्त होईपर्यंत आपण आईच्या शेजारी बसणार आणि आई आपल्याशी बोलणार नाही.

बारा वाजले तशी चिमणी उठून बाहेर गेली. काचेतून त्यानं बघितलं, तिनं मशीनमधून कागदी पेल्यात पाणी घेतलं, आणि ती लोखंडी कपाटापाशी, नऊ नंबरच्या खणासमोर जाऊन उभी राहिली. तिनं काचेतून त्याला खूण केली. तो बाहेर गेला.

“खण उघडा,” ती म्हणाली. “पिशवीत आतल्या कप्प्यात पिवळी गोळी आहे ना, ती घ्या.”

आईचाच आजार त्याला दीड वर्षापूर्वी जडला होता. तीच गोळी, दुपारी बाराची. आई काळजी करत बसेल म्हणून त्यानं तिला कळू दिलं नव्हतं, ताईला नाही, ऑफिसात नाही. पिशवीच्या आतल्या कप्प्यात पट्टी ठेवायचा, पिशवी कपाटात जायची आणि बारा कधी वाजून गेले ते कळायचंच नाही. पट्टी तशीच घरी. या जगात हे एकच माणूस सांगू शकलं असतं, ते म्हणजे त्याच्या झोपेत त्याची पिशवी चाचपणारं.

म्हणजे आईला माहीत होतं. तो घेत नाही हे तिनं बघितलं होतं, पट्टी रोज मोजली होती. मग तिच्या त्या अकरा पट्ट्या? तू घेत नाहीस तर मीही नाही, असा हट्ट होता की काय तिचा? की मनातल्या मनात केलेला काही सौदा, आईच करू शकते असला? विचारावं म्हणून त्यानं तोंड उघडलं.

चिमणीनं मान हलवली. नाही. आणि पेला पुढे केला.

त्यानं खण उघडला, पट्टी काढली. गोळी फोडून बाहेर काढायला दोनदा प्रयत्न करावा लागला. त्यानं ती जिभेवर ठेवली. एक घोट घेतला. दम घेतला. दुसरा घोट घेतला.

चिमणीनं जीभ टाळ्याला लावून च्यक केलं. सहा वर्षांत तिनं असं कधी केलं नव्हतं.

“बरं झालं बाई,” ती पुटपुटली, आणि स्वतःच दचकून तिनं तोंडावर हात ठेवला.

मग त्यानं रिकामा पेला चुरगाळून टोपलीत टाकला, खण लावला, आणि ते आत जाऊन आपापल्या जागेवर बसले.